दिनविशेष – २२ ऑक्टोबर १८४४ : हुकलेले भाकीत

येशू ख्रिस्त आज परत येणार, या विश्वासाने १८४४ मधील या मंगळवारी अमेरिकेत हजारो लोक प्रार्थना करत थांबले होते. काहींनी शेतातले पीकही काढले नव्हते. या अपेक्षेमागे होते न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी आणि बॅप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांचे गणित. २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल, असे दानीएलाच्या पुस्तकात म्हटले आहे. हे शुद्धीकरण म्हणजे येशूचे परत येणे, असे मानून मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले आणि पर्शियाचा राजा अर्तहशश्त याने यरुशलेमविषयी फर्मान काढले, त्या इ.स.पू. ४५७ पासून मोजणी केली. उत्तर आले १८४३. इसवी सनाला शून्य वर्ष नसल्याने ते १८४४ वर सरकले. नेमकी तारीख सॅम्युअल स्नो यांनी यहुद्यांच्या प्रायश्चित्तदिनावरून काढली.

दिवस मावळला; काहीच घडले नाही. अनेकांनी चळवळ सोडली. काहींनी मात्र तारीख खरी मानून घटनेचा अर्थ बदलला : शुद्धीकरण स्वर्गातील पवित्रस्थानाचे होते! याच गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभे राहिले. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच चर्चची.