वाटण

पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, असे आपल्याकडे हटकून म्हटले जाते. म्हणणारे बहुधा पुरुष असतात. मीही त्यांतलाच.

मिक्सरची कथा मात्र एका गृहिणीच्या अडचणीपासून सुरू होते. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बिघडला. परदेशी यंत्र मऊ पदार्थांसाठी. आपले ओले खोबरे, भिजली डाळ घट्ट झाली की पाते अडते, मोटार तापते. पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता. त्यांनी १९६३ साली स्वतःची कंपनी काढली आणि दणकट मोटारीचा ‘सुमीत’ आणला.

आमच्या बेळगाव भागात इडलीचे पीठ रगड्यात, चटणी पाट्यावर. (शेजारच्या कन्नड घरी रगड्याला ‘ओरळु’ म्हणतात, हात तिथेही बायकांचेच.) पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई गल्लीत हाक देत यायची. छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करायची. पैसे आणि वर एखादी भाकरी घेऊन जायची. घरोघरी मिक्सर आले आणि तिची हाक थांबली. पुढे तिने काय केले, हे आम्ही कोणी विचारले नाही.

आमच्याकडे मिक्सरचा विषय निघाला तेव्हा ‘चव जाईल’ म्हणून मीच दोन वर्षे टाळले. अखेर तो आला. त्या रात्री मनगटाला तेल चोळता चोळता आई म्हणाली, “तुझ्या आजीला मिळायला हवा होता रे.”

पाटा अजून परसात आहे. वीज गेली की आत आणतो. वाटायला मात्र मी बसत नाही.