नावामागचं शेपूट

परवा भाचा विचारत होता, "मामा, संकेतस्थळाचं नाव घेऊन ठेवतो, भाव आला की विकतो. पण नावामागे डॉट कॉम लावू की दुसरं काही?" मी त्याला दोन देशांची गोष्ट सांगितली.

प्रशांत महासागरातला तुवालू जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचा. देशांच्या संकेताक्षरांत त्याच्या वाट्याला योगायोगाने 'टीव्ही' ही अक्षरं आली. दूरचित्रवाणीमुळे त्यांना जगभर गिऱ्हाईक मिळालं. २००० साली एका अमेरिकी कंपनीने त्यांच्या वापरासाठी बारा वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. त्याच वर्षी तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. त्या खर्चाला हाच पैसा उपयोगी पडला.

युगोस्लाव्हियाची अक्षरं 'वाययू'. तो देश फुटला. उरलेले सर्बिया आणि माँटेनेग्रोही २००६ मध्ये वेगळे झाले. ३० मार्च २०१० रोजी डॉट वाययू कायमचं बंद झालं. ज्यांनी नावं बदलली नव्हती, त्यांची नावं त्या दिवशी संपली.

"अरे, नाव आपण विकत घेत नाही, मुदतीच्या भाड्याने घेतो," मी म्हटलं. "अक्षरं आकर्षक आहेत, एवढ्यावर भुलू नकोस. जागा कुणाची, ते आधी बघ."