दगडाचे मूळ गाव

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दगडाचे मूळ मात्र अवश्य शोधावे.

लाव्हारस झपाट्याने थिजला म्हणजे ऑब्सिडियन ही काळी ज्वालामुखी काच तयार होते. तिच्या कपच्यांना वस्तऱ्याची धार येते. म्हणून अश्मयुगीन मानवाला ती प्रिय होती. ही काच डोळ्यांना बहुधा सारखीच दिसते. परंतु तिच्यातील बेरियम, झिर्कोनियम इत्यादी मूलद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण उगमागणिक निराळे असते. त्यावरून भूमध्य सागराच्या परिसरातील हत्यारांचे उगम ओळखण्याची पद्धत जे. आर. कॅन व कॉलिन रेन्फ्रू यांनी १९६४ मध्ये मांडली.

दक्षिण ग्रीसच्या किनाऱ्यावरील फ्रँक्थी गुहेचे उत्खनन १९६७ मध्ये सुरू झाले. तेथे शेतीपूर्व काळातील, १२,००० वर्षांहूनही जुन्या थरांत ऑब्सिडियन मिळाले. रासायनिक पृथक्करणाने ते शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या मीलॉस बेटावरचे ठरले. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, तरी मीलॉस बेटच होते. अर्थात कोणीतरी होडीने समुद्र ओलांडला होता! ती होडी कधीच नष्ट झाली. पण शेतकरी होण्यापूर्वीच माणूस दर्यावर्दी झाला होता, ही साक्ष मूठभर कपच्यांनी दिली.

मात्र पृथक्करणाने दगडाचे गाव कळते, काळ कळत नाही. काळ सांगतो तो जमिनीतील थर. म्हणून प्राचीन स्थळी सापडलेली कपची हौसेने खिशात घालू नये. ज्यांना लिपी नव्हती, त्यांचे ते एकमेव दप्तर आहे.