वेळूच्या नळीतून उभे राहिलेले रुग्णालय



आपल्या स्मरणिकेत बहुधा आपल्याच पूर्वजांचा व संस्थांचा इतिहास छापला जातो, आणि ते उचितच आहे. यंदा मात्र दूरदेशीच्या एका बौद्ध धर्मादाय संस्थेचा इतिहास आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा घेतो. कारण त्यातून निघणारा एक प्रश्न आपल्या मंडळासही लागू पडतो.

तैवान बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हुआलिएन नावाचे शहर आहे. एका अंगास प्रशांत महासागर व दुसऱ्या अंगास उत्तुंग डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेला हा प्रदेश साठ वर्षांपूर्वी अत्यंत मागासलेला होता. मोठी रुग्णालये व निष्णात डॉक्टर बेटाच्या पश्चिम भागात. डोंगरातील आदिवासी व गरीब शेतकरी यांना तेथवर पोहोचणे दुरापास्त. त्यातही रुग्णास दाखल करून घेण्यापूर्वी अनामत रक्कम मागण्याचा प्रघात त्या देशात रूढ होता. ‘आधी पैसे भरा, मग खाट मिळेल’ हे शब्द आपल्यापैकीही कित्येकांनी ऐकले असतील.

या गावी चेंग येन नावाच्या एक तरुण भिक्षुणी येऊन राहिल्या. त्यांचा जन्म १९३७ सालचा. १९६० साली वडिलांचा अकस्मात मृत्यू झाला आणि त्यांचे मन विरक्तीकडे वळले. १९६३ साली यिन शुन या विद्वान भिक्षूंनी त्यांना शिष्यत्व दिले व बुद्धधर्मासाठी आणि सर्व प्राणिमात्रांसाठी झटण्याची आज्ञा केली. चेंग येन यांनी भिक्षा किंवा दक्षिणा न घेता स्वकष्टावर जगण्याचे व्रत घेतले. मूठभर शिष्यिणींसह त्या लहान मुलांचे कापडी जोडे शिवीत आणि त्यावर चरितार्थ चालवीत.

१९६६ साली दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, एका दवाखान्याच्या जमिनीवर रक्त सांडलेले त्यांनी पाहिले. अनामत भरता न आल्यामुळे एका आदिवासी स्त्रीस उपचाराविना परत नेण्यात आले, असे त्यांस सांगण्यात आले. या हकिकतीवरून पुढे न्यायालयात वाद झाला आणि २००३ साली निकाल संबंधित डॉक्टरांच्या बाजूने लागला. तेव्हा त्या प्रसंगाचा दोष कोणा व्यक्तीवर न ठेवणे हेच न्याय्य होय. परंतु अनामतीची प्रथा खरी होती आणि तीच भिक्षुणींच्या मनास डाचत राहिली. दुसरी गोष्ट अशी की, तीन कॅथलिक जोगिणी त्यांच्या भेटीस आल्या. बोलता बोलता त्यांनी विचारले, “आमचे धर्मबांधव शाळा व दवाखाने चालवितात, तुम्ही बौद्ध लोक समाजासाठी काय करता?” चेंग येन यांना यावर समाधानकारक उत्तर देता आले नाही.

ते उत्तर त्यांनी कृतीने दिले. १९६६ च्या मे महिन्यात ‘त्झू ची’, म्हणजे करुणा व साहाय्य, या नावाची संस्था स्थापन झाली. शिष्यिणींनी रोज जोड्यांचा एक जोड अधिक शिवावयाचा आणि तीस गृहिणींनी बाजारखर्चातून रोज अर्धा तैवानी डॉलर वेळूच्या नळीत टाकावयाचा, अशी योजना ठरली. महिन्याकाठी एकदम पंधरा डॉलर दिले तर चालणार नाही काय, अशी शंका निघाली. त्यावर चेंग येन यांचे म्हणणे असे की, महिन्यातून एकदा दिल्याने दानाची आठवण एकदाच होते. रोज दिल्याने ती रोज होते. बाजारात भाजी घेताना या गृहिणी इतरांस ही हकिकत सांगत आणि देणाऱ्यांची संख्या वाढत जाई.

गरिबांच्या घरी जाऊन चौकशी करताना असे दिसून आले की, दारिद्र्यामुळे आजार व आजारामुळे दारिद्र्य हे चक्र तुटल्याखेरीज शिधा वाटून भागणार नाही. म्हणून १९७२ साली हुआलिएन येथे मोफत दवाखाना उघडण्यात आला. तेथील सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका आपला फावला वेळ देत. हे काम चौदा वर्षे चालले. परंतु शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रुग्णास दुसरीकडेच पाठवावे लागे. म्हणून १९७९ साली स्वतःचे रुग्णालय बांधण्याचा संकल्प जाहीर झाला. चेंग येन स्वतः हृद्रोगाने पीडित होत्या. १९८३ साली पहिली कुदळ मारली, पण ती जागा लष्करी कारणास्तव सोडावी लागली. १९८४ साली दुसऱ्या जागी पुन्हा आरंभ झाला आणि १७ ऑगस्ट १९८६ रोजी रुग्णालय खुले झाले. तेथे दाखल होण्यास अनामत मागावयाची नाही, हा नियम आरंभीच घालण्यात आला. दुर्गम भागात परिचारिका व डॉक्टर टिकेनात, म्हणून १९८९ साली परिचारिका विद्यालय आणि १९९४ साली वैद्यकीय महाविद्यालय काढण्यात आले. चेंग येन यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या विनोबाजींना तो १९५८ साली मिळाला होता.

थेंबे थेंबे तळे साचते, हे आपणांस कोणी परक्याने शिकवावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव येथे त्यातून काचकारखाना निघाला. मग आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी वार्षिक सभेपुरताच का आठवावा? सभेत आकडे पुकारले जातात, टाळ्या पडतात आणि पुढील सभेपर्यंत घरात त्याचा विषयही निघत नाही. प्रत्येक घरी देवघराजवळ एक डबा ठेवावा व रोज एक नाणे मुलांच्या हातून त्यात पडावे, एवढीच माझी पहिली सूचना आहे.

दुसरी सूचना काहींस रुचणार नाही. तरी लिहिणे कर्तव्य समजतो. त्या जोगिणींचा प्रश्न आपणांसही कोणी विचारू शकेल. ज्ञातीने ज्ञातीसाठी काय केले, याचा हिशेब आपल्या अहवालात चोख असतो. ज्ञातीबाहेरच्या आजाऱ्यासाठी काय केले, तो रकाना मात्र कोरा राहिला आहे. निधीचा काही भाग जात न विचारता द्यावा, असा ठराव पुढील सभेत मांडण्याचा माझा मानस आहे. वडीलधाऱ्यांनी त्यावर विचार करावा व तरुणांनी अनुमोदन द्यावे, ही विनंती.