राजाने दाखविलेले धन : श्रीलंकेतील तळ्यांचा इतिहास

श्रीलंकेच्या सहलीचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. अनुराधपुरातील स्तूप, सिगिरियाचा कडा, पोलोन्नरुव येथील बुद्धमूर्ती, मिन्नेरियाचे हत्ती, कँडीचे दंतमंदिर आणि शेवटी समुद्रकिनारा. यांतील काही ठिकाणांची नोंद ‘ऐतिहासिक’ अशी, तर काहींची ‘निसर्गरम्य’ अशी केलेली असते. बेटाच्या उत्तर-मध्य भागात मात्र ही विभागणी टिकत नाही. तेथील इतिहास आणि निसर्ग यांना जोडणारा दुवा म्हणजे पाणी. तो ध्यानी घेतल्याशिवाय त्या प्रदेशाचे दर्शन अपुरेच राहते.

मराठी मनाला लंका रामकथेतून परिचित असते. इतिहासाचे धागेही आहेत. ‘महावंस’ या पाली ग्रंथात सिंहली राजवंशाचा मूळपुरुष विजय लंकेला पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात उतरल्याची कथा आहे. हे सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा होय. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले. अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी अनुराधपुरास नेली, अशी परंपरा सांगते. तो वृक्ष आजही तेथे उभा आहे आणि त्याच्या पारापाशी भाविकांची रीघ लागलेली असते.

अनुराधपूर ज्या प्रदेशात वसले, तो बेटाचा कोरडा विभाग होय. तेथे पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पुढील कित्येक महिने जमीन तापत राहते. अशा ठिकाणी हजाराहून अधिक वर्षे राजधानी नांदली, ती तळ्यांच्या आधारावर. सिंहली भाषेत तळ्याला ‘वेव’ म्हणतात. ओढ्यावर मातीचा बांध घालून एक तळे, त्याच्या सांडव्याचे आणि शेतांतून निथळलेले पाणी अडवून त्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे, अशा साखळ्या गावोगावी उभ्या राहिल्या. मोठ्या तळ्यांत पाण्याचा दाब बांधाला फोडू नये, म्हणून बांधाच्या आत ‘बिसोकोटुव’ नावाची दगडी चौकोनी विहीर बांधीत. तीत पाण्याचा वेग मंदावून ते हवे तेवढेच बाहेर सोडता येई.

या तळ्यांशी निगडित एक प्रसंग पाचव्या शतकातील आहे. धातुसेन राजाने कलावेव हा विशाल जलाशय बांधला. तेथून अनुराधपुरापर्यंत पाणी नेणारा कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या आरंभीच्या टप्प्यात उतार इतका सौम्य आहे, की एका किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. राजपुत्र कश्यप याने सेनापतीच्या चिथावणीने पित्याला कैदेत टाकले आणि दडविलेल्या खजिन्याची मागणी केली. राजवंशाच्या बखरीत पुढील हकीकत येते. धातुसेनाने कलावेवला नेण्याची विनंती केली. तेथे त्याने स्नान केले आणि ओंजळीत पाणी घेऊन, आपले सारे धन एवढेच, असे सांगितले. संतापलेल्या पुत्राने त्याला भिंतीत चिणून मारविले.

सिगिरियाचा कडा पाहताना ही कथा मनात असावी. पितृहत्येनंतर कश्यपाने अनुराधपूर सोडले आणि भोवतालच्या सपाटीपासून सुमारे १८० मीटर उंच असलेल्या या खडकावर राजवाडा उभारला. इ. स. ४७७ ते ४९५ हा त्याचा काळ मानला जातो. खडकाच्या कुशीतील स्त्रियांची भित्तिचित्रे पाहून मराठी प्रवाशाला अजिंठ्याची आठवण होते आणि अभ्यासकांनीही ही तुलना केलेली आहे. पायथ्याच्या उद्यानातील कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. पित्याच्या वधाने राज्य मिळविणारा कश्यपही अखेर जलविद्येचाच वारसदार ठरला. पुढे त्याचा भाऊ मोग्गल्लान भारतातून सैन्य घेऊन आला. दलदल टाळण्यासाठी कश्यपाचा हत्ती वळला, सैन्याला ती माघार वाटली, सैन्य पांगले आणि कश्यपाने स्वतःचा अंत केला.

शतकानुशतके आलेल्या यात्रेकरूंनी तेथील गुळगुळीत ‘आरसाभिंती’वर पद्ये कोरली. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ पद्ये वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या सिंहली काव्याचा तो अमोल ठेवा होय. १९६७ मध्ये मात्र कोणीतरी चित्रांवर रंग फासला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी तज्ज्ञांना परिश्रम करावे लागले. भिंतीवर उमटलेली प्रत्येक खूण वारसा ठरत नाही, हे प्रत्येक प्रवाशाने ध्यानी ठेवावे.

मिन्नेरियाचे हत्ती पाहण्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात गर्दी होते. त्या दिवसांत पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या जंगलांतून शेकडो हत्ती तेथे जमतात. हे दृश्य निसर्गाचे खरे. परंतु ते तळे महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधविलेले आहे. या राजाने महाविहाराच्या भिक्षूंचा छळ केला, म्हणून बखरकारांनी त्याला दोष दिला. शेतकऱ्यांनी मात्र त्याला ‘मिन्नेरियाचा देव’ मानून पुजले. कोरड्या दिवसांत जलाशय भरलेलाच ठेवला, तर गवताला जागा उरत नाही. शेतीचे पाणी आणि हत्तींचा चारा यांचा मेळ आजही माणसालाच घालावा लागतो.

दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांनी अनुराधपूर जिंकले आणि पोलोन्नरुव येथून कारभार केला. त्यांच्या काळातील दगडी शिवालय तेथे अजून आहे. १०७० मध्ये विजयबाहूने त्यांची सत्ता संपविली. बाराव्या शतकात पराक्रमबाहूने पराक्रम समुद्र विस्तारला. पावसाचा थेंबही लोकोपयोगी पडल्यावाचून सागरास मिळू नये, हा त्याचा संकल्प प्रसिद्ध आहे. गलविहारातील अखंड खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती त्याच काळातील होत.

तेराव्या शतकात आक्रमणे झाली, राजसत्ता दक्षिणेकडे सरकली, बांध फुटले, हिवताप पसरला आणि नगरांवर रान माजले. बांधांची देखभाल करणारी माणसे पांगल्यावर एवढी मोठी विद्या काही पिढ्यांत विस्मरणात गेली. कलावेवची दुरुस्ती व्हायला १८८० चे दशक उजाडावे लागले. आज त्याच्या पाण्यावर पुन्हा भातशेती होते.

राजवाड्याचे आज पायथेच उरले आहेत. कैदी राजाने ओंजळीत दाखविलेले धन मात्र अजून शेतांना पुरते आहे. कोणत्याही देशी वा परदेशी नगरात मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी तेथील किल्ला, मंदिर, राजवाडा अवश्य दाखवावा. त्याबरोबरच, या नगराला पाणी कोठून येत होते आणि ते कोणी राखले, हा प्रश्नही मुलांना विचारावा. त्याचे उत्तर शोधताना त्या देशाचा इतिहास त्यांच्यापुढे आपोआप उलगडू लागेल.