सांडपाणी-नळांचा ध्वनी, घरगुती

सांडपाणी-नळांचा ध्वनी, घरगुती : वरच्या मजल्यावरील स्नानगृहातील पाणी उभ्या नळातून उतरताना खालच्या खोल्यांत ऐकू येणारा आवाज. गृहरचना, पाणीपुरवठा व नळांचे द्रव्य या तिन्हींतील बदलांमुळे हा प्रश्न निर्माण झाला. कोल्हापूरच्या घरांत या बदलांचा क्रम स्पष्ट दिसतो.

इतिहास : वरच्या मजल्यावरील स्नानगृह प्राचीन काळीही आढळते. मोहें-जो-दडो येथे (सु. इ. स. पू. २६००–१९००) ते पाणी भाजलेल्या मातीच्या उभ्या नळांनी रस्त्यालगतच्या गटारात सोडीत. कोल्हापूरच्या पेठांतील जुन्या वाड्यांत मात्र न्हाणी सामान्यतः तळमजल्यावर, परड्यालगत असे. पाणी शेंदून आणावे लागे आणि माडीच्या लाकूड-मातीच्या जमिनीला सततची ओल मानवत नसे. न्हाणीचे पाणी मोरीवाटे परड्यातील अळू-केळींना मिळे. उभ्या नळाची गरजच नसल्याने त्याचा आवाजही नव्हता.

कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. पुढे विसाव्या शतकात प्रबलित काँक्रीटच्या छतांमुळे स्नानगृह वरच्या मजल्यावर नेणे सुलभ झाले. १९७२ मध्ये नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. त्यानंतरच्या दशकांत सदनिका व जोडबंगले वाढले. जाड भिंतींची जागा पातळ विटांच्या भिंतींनी घेतली आणि एका कुटुंबाचे सांडपाणी दुसऱ्याच्या छताखालून वाहू लागले. जमिनीवरील पाणी जेथून नळात शिरते, त्या जलबंद सापळ्यास भारतीय स्थापत्यात ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. वाड्यातील न्हाणी अशा रीतीने शब्दरूपाने टिकली आहे.

पूर्वी उभे नळ बिडाचे असत. स्वस्त, हलके व न गंजणारे पीव्हीसी नळ पुढे रूढ झाले; इमारतींतील सांडपाण्यासाठीच्या अशा नळांचे भारतीय मानक (आयएस १३५९२) १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ओतकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरातही घरांतून बीड मागे पडले. ५ मिमी. जाडीच्या बिडाच्या नळाचे वजन दर चौ. मी. पृष्ठास सु. ३६ किग्रॅ., तर ३·२ मिमी. जाडीच्या पीव्हीसी नळाचे सु. ४·५ किग्रॅ. भरते. वस्तुमान दुप्पट झाल्यास ध्वनिरोध सु. ६ डेसिबेलांनी वाढतो, या नियमानुसार दोहोंत सैद्धांतिक फरक सु. १८ डेसिबेल येतो. प्रत्यक्षात तो जोडणीनुसार बदलतो.

कारणे : उभ्या नळात पाणी नळ भरून पडत नाही, ते आतील पृष्ठाला चिकटून थराने उतरते व मध्ये हवेचा स्तंभ राहतो. काही मीटर उतरल्यावर घर्षणामुळे वेग जवळजवळ स्थिर होतो. मोठा आवाज तळाच्या वळणावर पाणी आदळल्याने होतो. नळाची कंपने लोखंडी पकडीतून भिंतीत व छतात शिरतात. भिंत मोठ्या पडद्याप्रमाणे ती पसरविते. गुडगुड आवाज मात्र वेगळा असतो. वायुवीजन अपुरे असल्यास सापळ्यातील पाणी ओढले जाऊन तो होतो व दुर्गंधीही येते.

उपाय : नियोजनातील उपाय सर्वांत स्वस्त असतो. नळ शयनगृहाच्या भिंतीतून न नेता बाहेरील वा स्वयंपाकघराच्या बाजूस न्यावा. तळाशी ९०° चे एक वळण न देता ४५° ची दोन द्यावीत व मध्ये थोडा सरळ नळ ठेवावा. पकडींना रबरी अस्तर असावे. नळ छतातून जातो तेथे लवचीक वेष्टन घालून तो काँक्रीटपासून अलग ठेवावा. तयार घरात नळाभोवती जड, लवचीक आवरण गुंडाळून, त्याला न टेकणारी पेटी जिप्सम वा सिमेंट फळ्यांची करतात. पेटीत खनिज लोकर भरून फटी बुजवितात. नुसत्या हलक्या फोमचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यात वस्तुमान नसते. सफाईच्या तोंडापाशी घट्ट बसणारे झाकण ठेवणे आवश्यक असते. गुडगुडीवर आवरणाचा इलाज चालत नाही. तेथे वायुनळ सुधारावा लागतो.

शयनगृहातील रात्रीचा सततचा आवाज ३० डेसिबेलांहून अधिक नसावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये केली. नळाचा आवाज अधूनमधून व अचानक येत असल्याने सरासरी कमी असूनही झोपमोड होऊ शकते. आजारी, वृद्ध व लहान मुले यांना तो विशेष बाधतो. वाड्याच्या रचनेत जाडी व अंतर आपोआप लाभत असे. आधुनिक घरात ती हेतुपूर्वक योजावी लागतात.