रात्रीची दारू सकाळपर्यंत उतरते का?

३१ डिसेंबरच्या नाकाबंदीची धास्ती असते, म्हणून अनेकजण पार्टीच्या ठिकाणीच झोपतात आणि सकाळी गाडी काढतात. विचार चांगलाच आहे, पण तेवढ्याने भागतंच असं नाही.

यकृत रक्तातलं अल्कोहोल आपल्याच वेगाने कमी करतं. हा वेग साधारण तासाला १०० मिली रक्तामागे १५ मिलिग्रॅम असतो. व्यक्तीनुसार थोडा कमी-जास्त. रात्री १ वाजता हे प्रमाण १५० असेल, तर सकाळी ७ वाजता ६० उरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे ३०. म्हणजे चहा-पोहे झाले तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही 'पिऊन'च गाडी चालवताय! पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने अंघोळ यांनी तरतरी वाटेल, पण हा वेग वाढत नाही. आणि 'उतारा' म्हणून सकाळी घेतलेला पेग तर हिशेबात भरच घालतो.

झोपेचं काय? दारूमुळे डोळा लवकर लागतो, पण पहाटेची झोप तुटक होते, घोरणं वाढतं. आठ तास पडून राहूनही झोप पुरी होत नाही. त्यात हँगओव्हरचा त्रास सर्वाधिक जाणवतो तो रक्तातलं अल्कोहोल शून्याजवळ आल्यावर. डोकं ठणकत असतं, लक्ष लागत नाही, ब्रेकवर पाय उशिरा पडतो. अशा वेळी पोलिसांचं मशीन मात्र शून्य दाखवू शकतं.